पाचव्या दिवसापासून

सुलोचनाअक्कांचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला थोडा वेळ लागतो. आवाज मात्र लगेच येतो. "बीदर बोलतंय. तीन मिनिटं झाली. पुढे चालू ठेवू?" हे त्या दिवसातून शंभरदा तरी म्हणत, कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी हैदराबादी उर्दूत, आणि शंभराव्या वेळीही ते पहिल्यासारखंच असे. घाई नाही, कंटाळा नाही. पलीकडे कोणी रडत असलं तरी तोच आवाज, हसत असलं तरी तोच.

मी बीदरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझं गाव भालकीकडचं. घरात कन्नड, शाळा मराठी, आणि बाजारात उर्दू. नाव महादेवी, पण सगळे मादेवीच म्हणत. त्या काळी गावाबाहेर फोन लावायचा तर आधी ट्रंक कॉल नोंदवावा लागे आणि मग तासन् तास वाट पाहावी लागे. आम्ही ऑपरेटर मुली कानाला हेडसेट लावून उंच बोर्डापुढे बसत असू, आणि त्यावरच्या भोकांत दोऱ्या खोचून या गावाला त्या गावाशी जोडून देत असू. प्रत्येक कॉलचं एक छोटं तिकीट. त्यावर नंबर, वेळ, मिनिटं. मला हे काम अक्कांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट बजावली: लाईन लागली की दोघांचे आवाज एकमेकांना नीट ऐकू जातात का, एवढंच ऐकायचं आणि कान काढून घ्यायचा. लोकांचं बोलणं ऐकून घरी नेलं तर आपल्याला झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अक्का तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. माहेर चिटगुप्प्याचं. वडील शेतमजूर. अक्का चार-पाच वर्षांच्या असताना त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला. वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले; टोपली रिकामी होऊन परत आली आणि आईनं तिच्यात भाकरी ठेवल्या, एवढंच त्यांना आठवत होतं. त्या वडिलांनीच त्यांना मॅट्रिकपर्यंत शिकवलं. नवरा शिक्षक, खटकचिंचोळीच्या शाळेत. आम्ही त्यांना वाघमारे सर म्हणत असू, आणि अक्काही 'आमचे सर' असंच म्हणत. सर तिकडे आईजवळ राहत आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की बसनं बीदरला येत. अक्का इथं दोन खोल्यांत एकट्या. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

अंगानं त्या भरलेल्या होत्या. मानेवर मागच्या बाजूला कातडी काळवंडलेली. हनुवटीवर चार-पाच राठ केस यायचे; त्यासाठी बोर्डाच्या खणात एक छोटा आरसा आणि चिमटा असे. जेवायच्या सुट्टीत त्या खिडकीशी उभ्या राहून ते उपटत, इतक्या सरळपणे, की पहिल्या महिन्यात मी नजर वळवत असे आणि दुसऱ्या महिन्यापासून आरसा धरून उभी राहू लागले. पाळी त्यांना तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. लोकांचं 'अंगात उष्णता आहे' इथपासून काय काय सांगून झालं होतं. बीदरच्या दवाखान्यात टॉनिक मिळायचं.

मी लागल्यावर वर्षभरानं असेल, त्या आणि सर हैदराबादला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्या बाईंनी नव्यानं आलेल्या मशीनवर पोट तपासलं आणि सांगितलं, अंडाशयावर बारीक बारीक गाठी आहेत, मोत्यांची माळ असावी तशा. अंडं पिकून बाहेर पडतच नाही, म्हणून पाळी नाही आणि म्हणून मूल नाही. तुझं काही चुकलेलं नाही, हेही त्यांनी सांगितलं. अक्कांनी हे सगळं मला दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसूनच सांगितलं, मध्ये मध्ये कॉल जोडत. गोष्ट पुरी व्हायला दोन तास लागले. शेवटी म्हणाल्या, "नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी म्हणलं की हे काय हाय. ते लई झालं."

मग गोळ्या सुरू झाल्या. आधी पाळी आणायच्या गोळ्या. पाळी आली की पाचव्या दिवसापासून पाच दिवस दुसरी गोळी, रोज एक. त्यानंतर बाराव्या दिवसापासून चार-पाच दिवस महत्त्वाचे. आणि रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, कोणाशी बोलायच्या आधी, जिभेखाली थर्मामीटर. अंडं सुटलं की ताप अगदी थोडा वर चढतो, आणि दिवस राहिले तर वरच राहतो. याचा एक तक्ता करायचा होता. अक्कांनी तो रद्द झालेल्या तिकिटांच्या पाठीवर केला. एका तिकिटावर एक आठवडा. चार तिकिटं टाचणीनं जोडली की महिना. ठिपके आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ. मी ती रेघ पाहायला शिकले. सपाट गेली तर काही झालं नाही, हे मलाही कळू लागलं.

खाण्याचं पथ्य याहून अवघड होतं, कारण अक्कांना गोड फार आवडे. डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केली, भात बंद केला, तळलेलं बंद केलं, आणि वजन उतरवायला सांगितलं. वजन उतरल्याशिवाय गोळीचा उपयोग अर्धाच, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं होतं. तेव्हापासून डब्यात ज्वारीची एक भाकरी, मेथी नाहीतर चुक्याची भाजी, मोड आलेले मूग आणि काकडी. चहा बिनसाखरेचा. त्याचा पहिला घोट घेताना तोंड वाकडं व्हायचं, वर्षभर व्हायचं. रोज पहाटे त्या किल्ल्याच्या खंदकाकडून मोठी फेरी मारून येत आणि ड्यूटीवर येताना त्यांच्या चपलांना तिथली तांबडी माती लागलेली असे. त्या काळात बाई माणूस एकटं उगाच चालतंय, हे लोकांना समजत नसे. कोणी विचारलं, कुठं निघालात, तर त्या सांगत, "कुठंच न्हाई. परत यायलेय."

आमच्याकडे एक पद्धत होती. कोणा फोनवाल्याच्या घरी मूल झालं की तो एक्स्चेंजमध्ये पेढे पाठवायचा, कारण बातमी आमच्याच हातून पुढे गेलेली असायची. लातूरला, सोलापूरला, हैदराबादला. अक्का पेढा घ्यायच्या, नाही कधी म्हणाल्या नाहीत, आणि कागदात गुंडाळून माझ्या बाजूला सरकवायच्या. त्या पाच-सहा वर्षांत मी त्यांच्या वाटचे किती पेढे खाल्ले, याचा विचार आता मनात येतो. तेव्हा येत नव्हता.

पहिली अडचण आली ती रात्रपाळीची. रात्रभर जागून सकाळी घेतलेला ताप खोटा निघतो. सुपरवायझरकडे अर्ज करून रात्रपाळी बंद करून घ्यायला हवी होती आणि अर्जात कारण द्यायला हवं होतं. बाकीच्या बायकांनी सुचवलं, चक्कर येते म्हणून लिहा, डोळ्यांना त्रास होतो म्हणून लिहा. अक्कांनी लिहिलं, मूल होण्यासाठी औषधोपचार चालू आहेत, त्यासाठी सकाळचं तापमान नोंदवावं लागतं, म्हणून तोवर रात्रपाळी देऊ नये. आमचे सुपरवायझर वयस्कर, सोवळ्याचे गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि हे असं लिहायची गरज नव्हती असं काहीतरी पुटपुटले. अक्का म्हणाल्या, "खरं हाय म्हणून लिवलं साहेब. दुसरं कारण लिवलं तर तुम्ही दुसरा विलाज सांगाल." अर्ज मंजूर झाला. त्यांच्या वाटच्या रात्रपाळ्या आम्ही चौघींनी वाटून घेतल्या. त्यातली एक जण कुरकुरली. अक्कांनी तिला महिनाभर रोज तिची पाळी सुटायच्या अर्धा तास आधी येऊन सोडवलं आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. बारावा दिवस काही शनिवार पाहून येत नाही. सर खटकचिंचोळीला, शाळेत फोन नाही. गावात फोन एकच, पोस्टात. म्हणून दर महिन्याला, बारावा दिवस मधल्या वारी आला की अक्का त्या पोस्टात फोन लावत आणि पोस्टमास्तरांना निरोप देत: "वाघमारे सरांना सांगा, रेशनकार्डाचं काम निघालंय, आज संध्याकाळच्या बसनं या." पोस्टमास्तर भला माणूस. तो स्वतः शाळेत जाऊन निरोप द्यायचा. पाच-सहा महिन्यांनी तो एकदा म्हणाला, ताई, बीदरचं रेशन ऑफिस फारच नाठाळ दिसतंय, मी ओळखीनं कोणाला सांगू का? अक्का शांतपणे म्हणाल्या, "नको मास्तर. काम होत आलंय." हेडसेट काढून त्या माझ्याकडे वळल्या. मला हसू फुटलं होतं. मग त्याही हसल्या. त्यांना पोटातून हसताना मी पाहिलं त्या थोड्या वेळांतली ती एक.

आजूबाजूला नवस सांगणारे खूप. कोणी दर्ग्याला चादर बोलायला सांगे, कोणी नरसिंहाच्या गुहेत पाण्यातून चालत जायला सांगे. आमच्या ओळीतल्या एका बाईनं तर स्वतः जाऊन त्यांच्या नावानं दोरा आणला. अक्कांनी तो परत केला. "आमच्यात ते न्हाई. माझ्या बापानं सोडलंय ते, मी मूल पायजे म्हणून परत धरलं तर त्यानं काय म्हणावं?" त्यांची सासूही बौद्धच, पण ती लपून एका देवीला जाऊन आली होती, आणि हे अक्कांना माहीत होतं. त्या तिला काही बोलल्या नाहीत. पण मला वाटतं, बाकीच्या बायकांना जो एक कोपरा असतो, डोकं टेकून रडायला, तो अक्कांना नव्हता. त्यांच्याजवळ गोळी होती आणि तिकिटांच्या पाठीवरची रेघ होती.

गल्लीत संक्रांतीला हळदीकुंकू असे. ओटी भरण्याचे, डोहाळजेवणाचे कार्यक्रम असत. अक्कांना बोलावणं नसे. एकदा माझ्याच मावशीच्या घरी कार्यक्रम होता आणि मी ओशाळून काहीतरी सारवासारव करायला लागले. त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, "बोलावलं न्हाई ते कामून, हे मला कधी कळत न्हाई बघ. दोन कारणं हायत. त्यातलं कोणतं, हे इचारायचं कसं?" राग नव्हता त्यात. जसं विचारावं की हा कॉल उदगीरवरून आला की औरादवरून. मी नजर खाली घालून तिकिटं लावत बसले.

उपचारांच्या तिसऱ्या वर्षी सासू खटकचिंचोळीहून आली ती एका मुलीला घेऊन. शोभा नाव. सासूच्या भावाची मुलगी, म्हणजे सरांच्या मामाची मुलगी. आमच्या भागात ती हक्काची समजतात. वय अठरा. तुला एकटीला काम पडतं, सोबतीला राहील, असं सासू म्हणाली, पण कशासाठी आणलंय हे तिघींनाही कळत होतं. शनिवारी सर आले. सासूनं जेवणं झाल्यावर उघडच विषय काढला: सुलोचनाला कोणी काढत नाही, ती घरातली थोरली, पण वंश पुढे न्यायला हवा. सोमवारी अक्कांनी मला सांगितलं की सर काही बोलले नाहीत. मी विचारलं, म्हणजे नाही म्हणाले ना? त्या म्हणाल्या, "न्हाई म्हणले न्हाईत. व्हय बी म्हणले न्हाईत. ताटात हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले." आणि त्यांनी समोरचा कॉल जोडला.

त्या आठवड्यात त्या भाकरी तशीच परत नेत होत्या. पण शोभाला त्यांनी आपली खाट दिली, स्वतः खाली झोपल्या, आणि आठ दिवसांनी तिला हाताला धरून टायपिंगच्या क्लासला घातलं. मुलीला धड कळेना की ही बाई आपल्यावर चिडलेली आहे की काय. अक्कांनी तिला एकच विचारलं होतं, तुला सरांशी लग्न करायचंय का. मुलगी रडायला लागली. तिला काहीच करायचं नव्हतं, तिला कोणी विचारलंच नव्हतं. सात-आठ महिन्यांत शोभा कन्नड टायपिंगची परीक्षा पास झाली, पुढे तालुका कचेरीत लागली, आणि दोन वर्षांनी तिचं लग्न दुसरीकडे झालं. सासू त्यानंतर बरेच महिने बीदरला आली नाही.

सरांच्या त्या गप्प बसण्याचं काय, हे मी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र पाहायला मिळालं. त्याच पावसाळ्यानंतर बसवाल्यांचा संप झाला. अक्कांचा बारावा दिवस नेमका त्यात आला. त्यांनी पोस्टात फोन केला नाही; बसच नाहीत, कशाला. चौदाव्या दिवशी संध्याकाळी माझी पाळी सुटत होती तेव्हा एक्स्चेंजच्या फाटकाशी वाघमारे सर उभे होते. सायकल भिंतीला टेकवलेली. धोतर गुडघ्यापर्यंत लाल, चेहऱ्यावर धूळ, ओठ सुकलेले. पहाटे निघाले होते. वाटेत दोनदा पंक्चर काढलं होतं. तक्ता त्यांच्याजवळही होता की काय कोण जाणे. अक्का बाहेर आल्या, त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग सरांकडे. सर म्हणाले, "रेशनकार्डाचं काम होतं न्हवं?" अक्कांनी आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. दोघं सायकल मधे धरून चालत गेले.

त्या महिन्यात काही झालं नाही. रेघ सपाटच राहिली.

मधल्या काळात माझं लग्न झालं आणि वर्षाच्या आत मला दिवस राहिले. मी ते अक्कांपासून लपवलं. पदर पुढे ओढून घेत असे, उलटीला उठले तर पित्त झालंय म्हणत असे. पाचव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की गेले तीन महिने माझ्या वाट्याला एकही रात्रपाळी आलेली नाही. ड्यूटीच्या तक्त्यात माझ्या नावाच्या जागी अक्कांनी आपलं नाव घातलं होतं. त्या रात्रींनंतरचा त्यांचा स्वतःचा सकाळचा ताप वाया गेला होता. मी बोलायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुझी जागा माझ्या शेजारी हाय, मला दिसत न्हाई व्हय?" एवढंच. मुलगी झाली तेव्हा त्या पाळण्याला आल्या नाहीत; मनीऑर्डर असावी तसं एक झबलं पोस्टानं पाठवलं, दोन गल्ल्यांपलीकडून.

आणि मग, चौथ्या वर्षी, कोणतंही विशेष काही न होता, एका महिन्यात रेघ वर चढली आणि खाली आलीच नाही. चौदा दिवस, सोळा, वीस. एकविसाव्या दिवशी अक्कांनी तिकिटं माझ्यापुढे ठेवली. मी ठिपके मोजले. मला रडू आलं, त्यांना नाही. त्या म्हणाल्या की थर्मामीटर बिघडला असेल म्हणून सरांचा ताप घेऊन पाहिला, तो बरोबर आला. हैदराबादच्या बाईंनी तपासून खरं असल्याचं सांगितलं. वजन त्या वेळेपर्यंत बारा किलो उतरलं होतं. साडीच्या निऱ्या त्यांना दोन जास्त पडत.

अकरा आठवडे झाले होते. दुपारची पाळी, बोर्डावर आम्ही दोघीच. बाजाराचा दिवस, त्यामुळे तिकिटांचा ढीग. एक म्हातारे गृहस्थ सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होते, पुण्याला मुलाशी बोलायचं होतं, लाईन मिळत नव्हती. चारच्या सुमारास मी पाहिलं की अक्कांनी कालचं वर्तमानपत्र घडी करून खुर्चीवर, आपल्या खाली घातलंय. मला वाटलं, खुर्चीचा वेत टोचत असेल. त्यांचा आवाज तसाच होता. पुणे लागलं. त्यांनी म्हाताऱ्यांना आत बोलावलं, पुण्याच्या ऑपरेटरला नंबर दोनदा सांगितला, दोन्हीकडचे आवाज ऐकले, वेळ लिहिली. मग हेडसेट काढून हुकाला लावला.

"मादेवी, माझा बोर्ड घे," त्या म्हणाल्या. "मला दवाखान्यात जायाचं हाय."

त्या उठल्या तेव्हा मला खुर्ची दिसली. त्यांनी वर्तमानपत्र उचलून घडी केलं, त्याची अजून एक घडी केली आणि सोबत घेतलं. मी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. पण बोर्डावर दुसरं कोणी नव्हतं, आणि त्यांनीच शिकवलेलं होतं की बोर्ड सोडायचा नाही. मी खिडकीतून पाहिलं, त्या रस्त्याच्या कडेनं सावकाश चालत गेल्या आणि कोपऱ्यावर रिक्षाला हात केला. माझ्या हातात पुण्याचा कॉल होता. तीन मिनिटं झाली होती. मी म्हटलं, पुढे चालू ठेवू? माझा आवाज कसा निघाला ते मला आठवत नाही.

नऊ दिवसांनी त्या कामावर आल्या. त्यांनी डबा खणात ठेवला, खुर्चीकडे पाहिलं, बसल्या, आणि मला विचारलं, "त्या आजोबांचा कॉल पुरा झाला होता का?"

झाला होता, मी म्हटलं. सहा मिनिटं बोलले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर वर्षभर त्या होत्या तशाच होत्या, पण काहीतरी बंद पडलं होतं. गोळ्या आणखी काही महिने चालल्या. रेघ एकदा वर गेली, दोनदा सपाट. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की या गोळ्या आता याहून जास्त देता येत नाहीत. एक ऑपरेशन असतं, त्यानं होईलही, न होईलही. अक्का आणि सर हैदराबादहून परतीच्या बसमध्ये याबद्दल बोलले नाहीत, घरी आल्यावर बोलले नाहीत, आणि पुढे तारीख घ्यायला कोणी गेलं नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निर्णय असाही होतो, हे मी तेव्हा पाहिलं. कोणी नाही म्हणालं नाही.

पथ्य मात्र त्यांनी सोडलं नाही. या दुखण्यात पुढे साखरेचा आजार लागायची भीती असते, असं बाईंनी सांगितलेलं होतं, आणि अक्कांच्या आईला तो होताच. आणि थर्मामीटरही सुटला नाही. गोळ्या थांबून सहा महिने झाल्यावर मी त्यांच्या खणात ताजी तिकिटं पाहिली, ठिपके मांडलेली. मी विचारलं, अक्का, आता कामून? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "सवय पडली. आणि तो तोंडात असला की कुणी काही इचारत न्हाई."

एक दिवस जेवायच्या सुट्टीत त्या अचानक म्हणाल्या की त्यांना रडूच येत नाही. दवाखान्यात आलं नाही, घरी आलं नाही, सर रडले तेव्हाही आलं नाही. पाय बधिर होतो तसं आतून झालंय; हात लावला की हात लागलेला कळतो, पण पाय आपला वाटत नाही. मी काहीतरी म्हटलं असेन, येईल हळूहळू, वगैरे. त्यांनी काकडीची एक फोड माझ्या पुढे केली. ती घेऊन मी खात बसले.

पुढे बीदरला आपोआप नंबर लागणारं एक्स्चेंज आलं. बोर्ड निघाला. आमच्यातल्या काहींना चौकशीच्या कामावर ठेवलं, काहींची बदली झाली. अक्कांना गुलबर्गा मिळालं. सरांनीही धावपळ करून गुलबर्ग्याजवळच्या एका मराठी शाळेत बदली मिळवली, आणि लग्नानंतर सोळा-सतरा वर्षांनी ती दोघं रोज एका घरात राहू लागली. निरोपाचा कार्यक्रम अक्कांनी होऊ दिला नाही. पत्रं त्या लिहीत नसत. कधीतरी खात्याच्या लाईनवर आवाज ऐकू यायचा, कामापुरता.

त्यानंतर दोन वर्षांनी मी माझ्या मुलीचे डोळे दाखवायला गुलबर्ग्याला गेले होते. मुलगी पाच वर्षांची. परत निघाले तेव्हा बस स्टँडवर लग्नसराईची गर्दी. आणि तिथं अक्का भेटल्या, खादीची पिशवी घेऊन, चिटगुप्प्याच्या गाडीची वाट बघत. केस कानाजवळ पांढरे झाले होते, अंग आणखी उतरलेलं. वडील आजारी होते, त्यांना बघायला निघाल्या होत्या. सर बरे आहेत, शाळेत जातात, असं सांगितलं. मुलीला नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं. मुलगी लाजून माझ्या मागे गेली. अक्कांनी ओढलं नाही तिला.

तेवढ्यात बीदरची गाडी लागली आणि लोक धावले. लेकरू घेऊन त्या दारातून आत जाणं शक्यच नव्हतं. अक्का म्हणाल्या, "तू चढ, जागा धर. हिला मी खिडकीतून देते."

मी घुसले. कोपरं खात, पिशवी पुढे ढकलत खिडकीजवळची जागा धरली आणि बाहेर पाहिलं. अक्कांनी मुलीला कडेवर घेतलं होतं. गर्दीचा लोंढा दोघींना इकडून तिकडे ढकलत होता आणि घाबरून मुलीनं दोन्ही हात अक्कांच्या गळ्यात घट्ट टाकले होते, तोंड त्यांच्या मानेत खुपसलं होतं. अक्का ताठ उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्या खिडकीखाली आल्या, एक एक करून मुलीचे हात गळ्यातून सोडवले, आणि तिला उंच उचलून धरलं.

"धर," त्या म्हणाल्या.

मी मुलीला आत ओढून मांडीवर घेतलं. घंटी वाजली, गाडी हलली. मी मान बाहेर काढून हात केला. अक्का जिथं होत्या तिथंच उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात अजून वर होते, खिडकीच्या उंचीवर, देताना होते तसेच. लोक त्यांना चुकवून जात होते. गाडी स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत मला दिसलं तेवढ्यात त्यांनी ते खाली घेतले नव्हते.